डांबराखालचा पत्रा

माझे वडील, अण्णा, दरसाल मृगाच्या आधी, गंज लागू नये म्हणून, मोटारगाडीच्या पोटाला डांबर फासायचे. गाडी दगडांवर चढवायची, अंगाखाली पोतं घालून आत सरकायचं आणि कुंचल्यानं थरावर थर द्यायचा. आधीचा थर काढायचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पिशोरच्या शाळेत ते मास्तर होते आणि वर्षानुवर्षं याच गाडीनं जाऊन-येऊन करायचे. हृदयाच्या दुसऱ्या झटक्यानंतर त्यांनी एकच हट्ट धरला: एकदा स्वतः गाडी चालवत पिशोरला जायचं. डॉक्टर आधी नको म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, लेक शेजारी बसणार असेल तर जाऊ द्या, पण या महिन्यातच.

बंद पडलेलं इंजिन गुलमंडीमागच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोन दिवसांत चालू करून दिलं. निघताना ते म्हणाले, "बेटा, नीचे का डांबर नक्को छेड़ो. चलने दो." अण्णांचंही तेच. "कशाला उकरतीस गं? ऱ्हाऊ दे."

पण वाळूजच्या कारखान्यात रंगविभागात माझी वीस वर्षं गेलेली. पत्रा उघडा केल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही, हे हाडीमाशी मुरलेलं. वाटेत तळ सुटला तर काय, असं मी त्यांना बजावलं. ते खोटं नव्हतं, पण मला माझी हुशारीही दाखवायची होती.

तीन दिवस रजा काढली. हीट गननं डांबर मऊ करायचं, रंगाऱ्याच्या लोखंडी पत्रीनं खरवडायचं. ढलप्या तोंडावर पडायच्या, डोळे चुरचुरायचे. मागच्या बाजूला पत्रा चांगला निघाला तेव्हा मी खालूनच ओरडून सांगितलं, "बघा अण्णा, उगीच भीत होतात!"

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटखाली पत्री आरपार गेली. तिथं पत्र्याच्या नावानं लाल भुकटी होती. तळ धरून ठेवला होता तो डांबरानं आणि त्यात चिकटवलेल्या गोणपाटानं. मी घाबरून हात काढला, तर सगळंच खाली आलं.

अण्णांनी बोलावलेल्या मिस्त्रींनी वाकून पाहिलं. नवा पत्रा, वेल्डिंग, दोन महिने, एवढंच त्यांनी अण्णांना सांगितलं.

मी खालीच पडून राहिले. बाहेर येऊन अण्णांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तेवढ्यात दार उघडलं, सीट करकरली आणि भोकातून अण्णांचे दोन्ही पाय माझ्या खांद्याशी फरशीवर टेकले. सुजलेले, अनवाणी.

"दोन महिने लई होतात गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पाचव्या आठवड्यात अण्णा गेले.

गाडीचं काम पुढं अगदी नियमानं झालं. उघडा पत्रा, प्राइमर, त्यावर रंगाचे दोन हात. पिशोरला मी एकटीच गेले. जाता-येता गाडी कुठंही वाजली नाही.