शालनताईंच्या घरची दोन बाळंतपणे

शालनताईंना एक सवय होती. मी अर्ज सांगावा, त्यांनी तो टाइप करावा आणि पक्षकाराने सही किंवा अंगठा करण्यापूर्वी त्यांनी तो त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. पण माझ्या भाषेत नव्हे, त्याच्या. "सदर मिळकतीवर अर्जदाराची पूर्वापार वहिवाट असून तीस कोणाचीही हरकत नाही," असे मी घालावे आणि त्यांनी म्हणावे, "आबा, अण्णांनी लिवलंय, की ही जागा लई दिसापासनं माझीच हाय." त्यावर केम गावाहून पहिल्या गाडीने आलेला तो म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणे, "मग असंच लिवा की." आवारातले सगळे हसत. मी हसत नसे.

तहसील कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे. मी अर्जनवीस. शाळा नववीत सुटली, तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणारा वकील या आवारात अद्याप आलेला नाही, हे येथे नमूद करणे गैर होणार नाही. शालनताईंचे टेबल माझ्या टेबलाला लागून होते. टाइपरायटर गेला, संगणक आला, तोही त्यांनी महिन्याभरात हाताखाली घातला. "अण्णा, तुमचं मराठी लई जड हाय," त्या म्हणत. "सायब वाचता वाचता जेवायला उठतंय." असे बोलण्याची मुभा या आवारात फक्त त्यांना होती.

त्या मूळच्या मोहोळच्या. लग्न उशिरा झाले आणि तेही बिजवराशी. त्यांचे यजमान सिद्धार्थभाऊ पालिकेत पाणी सोडण्याच्या कामावर होते. कोणत्या गल्लीला आज पाणी येणार हे त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर अवलंबून असल्यामुळे त्यांना शहरात मान होता. पहिल्या पत्नीपासून त्यांना प्रज्ञा नावाची आठ वर्षांची मुलगी होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी घर झाडताना शालनताईंना तिच्या खाटेखाली शाळेची जुनी पिशवी सापडली. आत दोन फ्रॉक, कंगवा आणि रुमालात बांधलेले शेंगदाणे होते. मुलीला आजोळी कोणीतरी सांगून ठेवले होते, की नव्या आईला स्वतःचे लेकरू झाले की तुला मामाकडे धाडणार. पोरीने आपली तयारी करून ठेवली होती.

शालनताईंनी ती पिशवी जशी होती तशी पुन्हा खाटेखाली सारली आणि नवऱ्याला सांगितले, की ही पिशवी रिकामी होईपर्यंत या घरात पाळणा हलणार नाही. मला हे त्यांनी दुपारी भाकरी खाता खाता सांगितले, जणू पंख्याची दुरुस्ती सांगावी तसे. मी म्हणालो, की लहान मुलीच्या समजुतीखातर स्वतःचे वय वाया घालवणे हे विचारी माणसाचे लक्षण नव्हे. त्या म्हणाल्या, "तिचं सामान बांधल्यालं असताना मी कशी पसरू, अण्णा?"

पिशवीतले फ्रॉक आखूड झाले की पोर ते बदलून मोठे ठेवी. म्हणजे पिशवी नुसती पडून नव्हती. अशी बरीच वर्षे गेली. शेवटी कॉलेजात जाताना प्रज्ञाने एके दिवशी ती पिशवी धुतली आणि वह्या घालून खांद्याला लावली. शालनताई त्या दिवशी सर्वांना चहा पाजत होत्या आणि कारण विचारले तर सांगत नव्हत्या. पुढे त्यांनी डॉक्टर केले, औषधे केली, पण दिवस राहिले नाहीत. मग त्यांनी तो विषय बंद केला. प्रज्ञा शिकली, मोहोळलाच चांगल्या घरी पडली आणि वर्षभरात तिला दिवस गेल्याची बातमी आली. शालनताईंनी शेडमध्ये पेढे वाटले. "आता आजी," असे म्हणून त्यांनी पाठीवरचा पदर उगाच म्हातारीसारखा डोक्यावर ओढून दाखवला.

त्यानंतर दोनएक महिन्यांनी त्या चार दिवस कामावर आल्या नाहीत. आल्या तेव्हा टेबलावरचे कापड न काढता बसून राहिल्या. वयामुळे पाळी गेली असे समजून त्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना भलतेच सांगितले होते. चाळिशी केव्हाच उलटलेली, रक्तदाब वाढलेला. ठेवायचे असेल तर जपावे लागेल, ठेवायचे नसेल तर लवकर सांगा, असे बाईंनी स्पष्ट सांगितले होते.

माझ्याकडे माणसे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा मी मुद्दे काढून बोलतो. त्यांच्यापुढेही मी ते मांडले. वय. प्रकृती. सिद्धार्थभाऊंची जवळ आलेली निवृत्ती. लेकीच्या सासरी होणारी चर्चा. आणि मुख्य म्हणजे लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत; ते करणारी आईच गरोदर असेल तर मुलीने यावे कोणाकडे? त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मुद्दे चांगलं काढलं, अण्णा," त्या म्हणाल्या. "पण अर्जदार कोण हाय तेच इसरला. ह्यात अर्जदार मी हाय. बाकी समदे सामनेवाले."

"म्हणजे ठेवणार?"

"मला पायजे," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे मला स्मरत नाही, म्हणून मी पुढचा मुद्दा काढला नाही.

भीती त्यांना एकाच व्यक्तीची होती. फोनवर सांगायचे नाही म्हणून त्या एसटीने मोहोळला गेल्या. परत आल्यावर त्यांनी जे सांगितले ते असे: प्रज्ञाच्या सासूने तोंडाला पदर लावला. प्रज्ञा मात्र एवढेच म्हणाली, "मग माझं बाळंतपण कोन करनार?" शालनताई म्हणाल्या, मीच करणार. मुलीने सांगितले, की तसे काही नको, एखादी बाई लावू, ती तेल लावील, अंघोळी घालील, तू नुसती जवळ बस. यावर शालनताई ऐकेनात. "परकी बाई लावली तर लोक काय म्हनतील, अण्णा? स्वतःचं आलं पोटात आन् सावत्रीला वाऱ्यावर सोडली. इतकी वर्सं ह्या एका शब्दाला घराबाहेर ठेवलाय मी. आता घेऊ व्हय आत?"

प्रज्ञा सातव्या महिन्यात आली आणि पुढे तिला मुलगी झाली. त्यानंतरचा सव्वा महिना त्या घरात जे चालले ते गल्लीने डोळ्यांनी पाहिले. सहा महिन्यांची गरोदर बाई पाटावर बसून बाळंतिणीच्या अंगाला तेल चोळते आहे, कढत पाण्याच्या बादल्या उचलते आहे, खाटेखाली शेगडी सारते आहे. शेजारच्या नरसम्मा नावाच्या तेलुगू आजी दारातून म्हणत, "ह्या घरात आजी कोण आनि बाळंतीण कोण, कायबी कळेना बघ." शालनताई आतून उत्तर देत, "मावशी, पाळणा एकच हाय. मागं नंबर लागलाय." प्रज्ञा त्यांच्या हातून बादली ओढून घेई आणि त्या ती पुन्हा घेत. सिद्धार्थभाऊ रजा टाकून घरी थांबले, तर त्यांना पाणी सोडायला हाकलले. डॉक्टरीणबाईंनी पडून राहण्यास सांगितले होते. त्यावर त्यांचे एकच उत्तर असे: "सव्वा म्हयना झाला की पडतेच की."

मी स्वतः एकदा जाऊन आलो. त्यांचे पाय सुजलेले होते. मी म्हणालो, शालनताई, कोणत्याही कायद्यात असे लिहिलेले नाही, की आईने हे स्वतःच्या हाताने करावे. त्या हसल्या. मांडीवर नात होती, तिच्या टाळूवर तेल घालीत होत्या. म्हणाल्या, "पोटातलं लाथा मारतंय, अण्णा. मांडीवरचीबी मारती. दोघांचं पटंल असं दिसतंय."

सव्वा महिना पूर्ण झाला. त्या पडल्या, परंतु विश्रांतीसाठी नव्हे. रक्तदाब चढला, डोके धरून बसल्या आणि झटके आले. दिवस भरायला अवकाश असताना त्यांना सरकारी दवाखान्यात नेऊन पोट उघडावे लागले. तेथील लोकांनी करायचे ते सर्व केले. मुलगा झाला, अगदी लहानसा, पण रडला. त्यांना शुद्ध आली तेव्हा त्यांना तो दाखवण्यात आला. प्रज्ञा सांगते, की त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि तिलाच विचारले, "तू जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मी त्या दिवशी शेड बंद ठेवली. त्यांच्या निर्णयाविषयी आवारात पुष्कळ बोलले गेले. या वयात कशाला, असा एकूण सूर होता. तो निर्णय चुकला असे मी म्हणू शकत नाही, कारण ते 'मला पायजे' मी ऐकलेले आहे. ज्या आईने लेकीच्या अंगाला तेल चोळण्याकरिता बाई लावू दिली नाही, तिच्याविषयी मात्र मला आजही राग येतो, आणि तो कोणाकडे दाखल करावा हे कळत नाही.

मुलाला प्रज्ञाने उचलले. एका अंगाला मुलगी, एका अंगाला भाऊ, अशी ती त्याला पाजू लागली आणि तशीच दोघांना घेऊन मोहोळला गेली. जी सासू तोंडाला पदर लावून हसली होती, तिनेच दुसरा पाळणा बांधला. सिद्धार्थभाऊ सुटीच्या दिवशी जातात.

परवा कामानिमित्त मोहोळला गेलो असता मी त्यांच्या दारी थांबलो. दोन्ही मुले आता तीनच्या आसपासची आहेत आणि एकाच ताटात जेवतात. मुलगा खेळताना पडला आणि "आई" म्हणून प्रज्ञाकडे आला. तिने त्याचा गुडघा पुसला व शांतपणे म्हणाली, "आई न्हाय, ताई म्हन." तो "ताई" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा आई म्हणाला, पुन्हा तिने सुधारले. मी म्हणालो, लेकरू आहे, म्हणू दे, त्याला काय समजते? ती म्हणाली, "म्हनू दिलं की तिचं समदंच जाईल, काका. तिनं आपल्यासाठी मागितल्यालं हे एकच हाय."

मग तिने मला दाखवण्यासाठी त्याला समोर उभे केले आणि विचारले, "आईचं नाव सांग." त्याने हात सरळ केले आणि शाळेतल्यासारखे मोठ्याने सांगितले, "शालन."

ते पाहून मुलगीही धावत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. मी गमतीने तिला विचारले, "आणि तुझ्या आईचं नाव गं?"

"शालन," तीही तितक्याच जोरात म्हणाली.

मी प्रज्ञाकडे पाहिले. लेकीला तिने सुधारले नाही.