बुटाच्या तळव्यावरचं नाव

वाकड्या पायांच्या मुलांसाठी ती बूट शिवायची. संस्था निघण्याआधीपासून प्रत्येक बुटाच्या तळव्यावर ती ‘दुसरं पाऊल’ असं ठोकत असे. पुढे नवऱ्याने संस्था काढली, तिलाही तेच नाव दिलं. नवरा गेला आणि महिन्याभरातच दिराने सभा बोलावून तिला संस्थेतून काढलं. “वहिनी, आता आराम करा,” म्हणत कारखान्याची किल्लीही काढून घेतली.

ती हे विसरली नाही. दीर संस्थेसाठी करमाफी मिळवायला हेलपाटे घालत होता, पण नावाची नोंदणी करायचं त्याला सुचलंच नाही. तिने जुने बूट, जुनी पत्रकं गोळा केली आणि ट्रेडमार्कचा अर्ज ठोकला. दोन वर्षांनी नाव कायद्याने तिचं झालं. तरी ती थांबली. करमाफी मंजूर झाल्याचं पत्र दिराच्या हाती पडलं, त्याच आठवड्यात ‘हे नाव वापरणं थांबवा’ अशी तिची नोटीस गेली.

दीर धावत आला. “वहिनी, घरातली भांडणं कोर्टात कशाला?”

“मला काढलंत तेव्हा घर आठवलं नाही, भाऊजी?”

त्याला नाव बदलावं लागलं, करमाफीची सगळी कागदपत्रं नव्या नावाने पुन्हा करावी लागली. पाटी खरवडली जात असताना ती समोरच्या फुटपाथवर उभी होती. शिडी दिराने धरली होती. तिने पेंटरला हाक मारली, “दादा, सावकाश होऊ द्या. मला घाई नाही.”