सुलाबाईंची जाळीची वायर

त्र्याऐंशी सालचा एप्रिल. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत नळाला साडेसहाला पाणी यायचं आणि सव्वासातला जायचं. त्या पाऊण तासात मी कुणालाही दार उघडत नसे. पण त्या सकाळी कडी अशी वाजली, की पिंप अर्धवट सोडून गेले.

दारात मागच्या चाळीतल्या सुलाबाई. एका हातात टेपरेकॉर्डर, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली कॅसेट.

"वहिनी, तुमचा मोठा रेडिओ भिंतीपासून पुढं ओढू का? त्याची पाठ बघायचीय."

आमच्याकडे रेडिओ ऐकायला पुष्कळ जण येत. पाठ बघायला आलेल्या या पहिल्याच.

सुलाबाई सायखेड्याच्या. शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन इकडे आल्या आणि सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात लागल्या. तिथे आठ वर्षं रेडिओच्या सुट्या भागांना सोल्डर मारायचं काम. सोल्डरच्या धुराने डोळे कायम लालसर, पण हात असा स्थिर, की सुईत दोरा ओवायला शेजारणी त्यांच्याकडे जायच्या.

कॅसेटमध्ये त्यांच्या वडिलांचा आवाज होता. सावळीराम गावोगाव जलशात गायचे. ते वारले त्याच्या आदल्या वर्षी जावयाने त्यांना समोर बसवून गाणं भरून घेतलं, तेवढी ही एकच कॅसेट. "लहानपणी नदीवर हंडा भरताना वस्तीतून बापाचा आवाज यायचा, म्हणून मी मुद्दाम सावकाश भरायचे," असं त्या सांगत.

आदल्या वर्षी जयंतीला विहारात ती कॅसेट लावली होती. लावली म्हणजे काय, तर सगळीकडे लावत तशीच: टेप टेबलावर, माइक त्याच्या तोंडाशी धरलेला, पोरं बाहेर हाकललेली आणि कुणी खोकायचं नाही. तरी एक तान्हं रडलंच. भोंग्यातून सावळीराम कमी आणि बाळ जास्त ऐकू आलं. लोक हसत जेवायला उठले. सुलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

विहाराचं अँप्लिफायर जुनं, व्हॉल्व्हचं. त्याच्या पाठीला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती, तशीच आमच्या रेडिओच्या पाठीलाही. टेपची पिन थेट तिथे जोडली तर माइक लागणारच नाही, हे सुलाबाईंनी वर्षभर मनात धरलं होतं. पण मशीन सांभाळायचे जयरामभाऊ, ते कुणाला हात लावू देत नसत. म्हणून आधी आमच्या रेडिओवर करून बघायचं होतं.

पहिल्या दिवशी साध्या वायरने जोडलं, तर रेडिओ भुंग्यासारखा घुमायला लागला. दुसऱ्या दिवशी सुलाबाई कारखान्यातून तांब्याची जाळी गुंडाळलेली वायर मागून घेऊन आल्या. घुमणं थांबलं, पण आवाज फाटका. सुलाबाईंनी टेपचं बटण थोडं थोडं मागे घेतलं. पाव फेरीच्या खाली गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरात एक म्हातारा स्वच्छ गायला लागला. पिंप भरून वाहत होतं, ते मला कितीतरी वेळाने दिसलं.

जयंतीच्या संध्याकाळी जयरामभाऊंनी भाषणांआधी दहा मिनिटं दिली. वर म्हणाले, "मशीन जळलं तर पुढच्या वर्षी तुम्हीच भोंगा व्हा, सुलाबाई."

"होईन की," त्या म्हणाल्या. "माझ्यात निदान बाळ तरी रडणार नाय."

पिन बसली, टेप सुरू झाला. भाऊंनी सवयीने टेपचं बटण शेवटपर्यंत पिळलं. माइक धरायचा असला की तसंच करावं लागे. भोंग्यातून पत्रा फाडल्यासारखा आवाज आला. मागून हशा. भाऊंनी माइक उचलला आणि सांगितलं, "बघा. आपली जुनी पद्धतच बरी."

सुलाबाई उठल्या नाहीत की भांडल्या नाहीत. टेपचं बटण त्यांनी पावाच्या खाली आणलं आणि भाऊंना म्हणाल्या, "आता इथं हात नका लावू. वाढवायचं ते तुमच्या मशीनचं वाढवा."

मला वाटलं, ऐकत नाहीत. पण सगळा मांडव बघत होता. भाऊंनी माइक खाली ठेवून मशीनचं बटण वाढवलं.

आणि सावळीराम आले. नुसता गळा नव्हे, सगळा माणूस. तुणतुण्याची तार, टाळीची लय, दोन कडव्यांमधला श्वास. पोरं मांडवभर पळत होती, कुणी खोकत होतं, पण गाण्याला कशाचाच धक्का लागत नव्हता. सायखेड्याहून आलेल्या आक्काबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "दम घेतोय बघ सावळ्या. आता वर जाईल." आणि आवाज वर गेला.

जेवायला कुणी उठलं नाही. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात, तेव्हा जयरामभाऊंनी स्वतःच कॅसेट मागे फिरवली. भाषणं थांबू द्या म्हणाले. मग सुलाबाईंकडे वळले. "अशी वायर अजून एक करा. एक मशीनलाच लावून ठेवू."

"करते," त्या म्हणाल्या. पण लक्ष दुसरीकडेच होतं, दूर पाण्याच्या टाकीकडे. गाणं पुन्हा सुरू होताच त्यांनी माझा हात धरून मला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि बटणाकडे बोट दाखवलं.

"वहिनी, याला कुणी हात लावू देऊ नका. मी टाकीपाशी जाऊन येते. मला लांबून ऐकायचंय."