मांजरीने पसंत केलेला जावई

“अहो, धरा हिला कुणीतरी, पँट नवी आहे,” असं ओरडत तो मुलगा आमच्या सेटीवर चढून उभा होता आणि आमची मांजरी त्याच्या गुडघ्याला आकाशकंदिलासारखी लोंबत होती. मुलगा ठाण्याचा, बँकेतला, माझ्या नणंदेला बघायला आलेला. एका हाताने तो पंख्याचा दांडा चाचपडत होता, दुसऱ्या हातात पोह्यांची बशी होती, आणि एवढ्या धामधुमीत त्याने एक पोहा खाली सांडला नाही. संस्कार चांगले होते.

माझे सासरे आरामखुर्चीत स्वस्थ होते. “मी सांगत होतो,” ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, “मांजरांना पुरुष आवडत नाहीत. बायका आवडतात.”

ते स्थळ अर्थातच गेलं. जिना उतरताना मुलाची आई म्हणाली, पत्रिका जुळली नाही असं समजा.

ही ऐंशीच्या दशकातली डोंबिवली. तेव्हा आमच्याकडे पाणी येऊन जाऊन असायचं, वीजही येऊन जाऊन असायची, पण मतं चोवीस तास. कुणाचं क्रिकेटवर, कुणाचं रशियावर, तसं माझ्या सासऱ्यांचं मांजरांवर होतं. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली, त्यामुळे त्यांचं मत म्हणजे निकालच, आणि त्यावर अपील नाही.

पुरावा मात्र भक्कम होता. मांजरी माझ्या, सासूबाईंच्या आणि नणंदेच्या मांडीवर पाळीपाळीने झोपायची, आणि पुरुष दिसला की तिची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी व्हायची. तळमजल्यावर चप्पल वाजली की दुसऱ्या मजल्यावर तिला कळायचं, बाई की बुवा. मीटर बघायला येणारा माणूस आमचा आकडा जिन्यातूनच अंदाजाने लिहायचा. गणपतीत सोसायटीच्या नाटकात समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांनी नायिकेचं काम केलं. नऊवारी, अंबाडा, गजरा. त्यांच्या स्वतःच्या बायकोने त्यांना न ओळखता हळदीकुंकू लावलं. ते आमच्याकडे आरसा मागायला आले आणि मांजरीने उंबऱ्यातच अंबाडा उपटला. खोटं वाटत असेल तर त्या अंबाड्यातला एक आकडा अजून माझ्या डब्यात आहे.

कारणांवर मात्र घरात एकमत नव्हतं. माझा नवरा म्हणायचा, “बाबा, प्रश्न बाईचा नाही, दुधाचा आहे. दूध कोण तापवतं या घरात?” सासूबाई म्हणायच्या, पुरुष बसल्या जागी पाय हलवतात, अशा मांडीवर झोप कुणाला लागेल. मी म्हणायचे, साडी. साडीची मांडी म्हणजे झोळी, पँटची मांडी म्हणजे घसरगुंडी. सासरे सगळ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचे आणि फेटाळायचे.

एक गोष्ट त्यांनी कधी पुराव्यात आणली नाही, पण मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायचे. दुपारी सगळे आडवे झाले की ते बोटावर साय घेऊन मांजरीसमोर उकिडवे बसायचे. “ये गं, ये. मी हल्ली ओरडत नाही.” ती साय चाटायची, बोटाकडे कीव आल्यासारखं बघायची आणि जाऊन सासूबाईंच्या पदरावर पडायची. समस्त पुरुषजात आवडत नाही असं ठरवलं की आपण एकटेच नावडते उरत नाही, एवढं मला कळत होतं. सुनेने असं बोलायचं नसतं.

बँकेनंतर एक पोस्टातला आला, तोही बोचकारून घेऊन गेला. सासूबाईंचा धीर सुटला. “अहो, त्या मांजरीला मार्केटात सोडून या. पोरगी घरात राहील माझी.”

सासरे चिडले. “मांजरी कुठे जाणार नाही. उलट जो पुरुष तिला मांडीवर घेऊन बसेल, त्याला मुलगी देतो. जात विचारणार नाही, गोत विचारणार नाही. शब्द आहे माझा.”

उंबराला फूल आलं की, अशा थाटात बोलले. पण त्यांचा शब्द म्हणजे काय, हे घर जाणून होतं. एकदा साखर कमी पडली म्हणून रागाने चहा सोडतो म्हणाले, तेव्हापासून कॉफीवर होते. कॉफी त्यांना आवडायची नाही.

त्या रात्री भांडी घासताना नणंद माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझं माहेर कळव्याचं, मासे खाणारं. मी या दूध-भाताच्या घरात आले तेव्हा सासरे महिनाभर भिंतीशी बोलत होते. नंतर निवळले, पण एका घराला असा धक्का एकच, हेही त्यांनी भिंतीला सांगून ठेवलं होतं. नणंदेला ते पाठ होतं.

“वहिनी, मांजरांना सगळ्यात जास्त काय आवडतं गं?”

“सुका जवळा,” मी म्हटलं. करंगळीच्या नखाएवढी ती वाळवलेली कोळंबी. “त्याच्यापुढे मांजर आईबापाला ओळखत नाही. का गं?”

“काही नाही. असंच.”

असंच कुणी विचारत नाही. कल्याणच्या टायपिंग क्लासात तिच्या शेजारच्या मशीनवर एक मुलगा बसायचा. मोहने गावचा, शहाडला कारखान्यात शिफ्टला जाणारा, आणि घरी मासे शिजणारा. दोघांची बोटं इतकी एका तालात चालायची म्हणे, की मास्तरांना वाटायचं एकच मशीन वाजतंय. इतर सगळ्या स्थळांना मांजरीने पळवलं, त्याचं दुःख या मुलीला काडीचं नव्हतं. याला बापाने पळवलं असतं, त्याची मात्र तिने धास्ती घेतली होती. “बाबा नाही म्हणाले तर मी त्यांच्याविरुद्ध जाणार नाही,” ती मला म्हणाली होती, “आणि दुसऱ्या कुणाशी करणारही नाही.” ती बापाचीच मुलगी. तिचाही शब्द कॉफीसारखा.

रविवारी सकाळी तो आला. एकटाच, सफारी सूट घालून. सफारीला चार खिसे असतात. चारही टम्म.

दार उघडताच मला माहेर आठवलं. नुसतं माहेर नाही, आख्खी कळव्याची खाडी ओहोटीला. मी नणंदेला दंडाला धरून आत ओढलं. “किती घेतलास?”

“अर्धा किलो. पोहे घेतो तेवढे. कमी पडायला नको ना.” ती घाबरून कुजबुजली. “ती कोळीण हसत होती. काय गो बाय, पंगत हाय का घरान, म्हणाली.”

चिमूट पुरली असती. पण ज्या घरात कांद्यालासुद्धा चतुर्थीला सुट्टी असते, तिथल्या मुलीला जवळ्याची चिमूट कशी कळावी. त्याला तरी कळायला हवं होतं. पण प्रेमात माणसाचं पहिलं नाक जातं, मग बाकीचं. तिने पुड्या दिल्या, त्याने खिसे भरले.

मी उदबत्ती लावली. मग धूप लावला. मग फरशीवर फिनेल ओतलं. वास तिन्हींवर बसून राहिला. सासूबाई माळ्याकडे बघत म्हणाल्या, “अगंबाई, घूस मेली की काय वर?” माझा नवरा बोलायला तोंड उघडत होता, त्याच्या पायावर मी पाय दिला. सासरे आरामखुर्चीत समोर बसून पोहे खात होते. एक एक दाणा.

तेवढ्यात मांजरी आली.

दारात थांबली. शेपटी ब्रश झाली, मग हळूहळू खाली आली. दूध-भातावर वाढलेलं जनावर, मासा कॅलेंडरवरसुद्धा पाहिलेला नाही, पण मागच्या जन्मीची ओळख पटावी तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. नणंद दाराच्या चौकटीला धरून उभी, हात पांढरे पडलेले. मांजरी चालत आली, सेटीवर चढली, मांडीवर चढली आणि डोकं खालच्या उजव्या खिशात कानापर्यंत घातलं. मग जी घुरघुर सुरू झाली, ती ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, तुमच्याकडे गिरणी बसवली का.

मुलगा ताठ बसला होता. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबला होता.

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. मांजरीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. “मांजरं आवडतात?” त्यांनी विचारलं.

“हो काका. म्हणजे, हिला मी आवडलोय असं दिसतंय.”

“आधी कधी पाळलं होतं?”

“नाही. पण आता पाळीन.”

“शिफ्ट कुठली असते?”

“बदलत असते काका. पण रात्री-अपरात्री आलो तरी मी आवाज करत नाही.”

सासरे नणंदेकडे वळले. ती चौकटीला तशीच धरून होती. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं असावं, मला तरी तसं वाटलं. मग सासूबाईंना म्हणाले, “पुढच्या रविवारी यांच्या घरच्यांना बोलवा. मी शब्द दिलाय.”

सासूबाई पदराने डोळे पुसायला लागल्या, पदर तसाच नाकावर राहिला.

तो गेल्यावर मांजरी दाराशी बसून अशी रडली की सगळ्या मजल्यांना वाटलं, मुलीची पाठवणी आजच झाली. माझा नवरा विजयी मुद्रेने बापासमोर येरझाऱ्या घालत होता. “बाबा, तुमचा सिद्धांत पडला. मांजरांना पुरुषही आवडतात. मान्य करा.” सासऱ्यांनी पेपर उघडला. मान्य केलं नाही, अमान्यही केलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निकाल राखून ठेवला.

संध्याकाळी मी त्यांना कॉफी नेऊन दिली. मला काही राहवेना. इतकी साय त्यांच्या बोटावरून खाल्ली तिने, मग हा कोण मोठा लागून गेला, असं मनात होतंच. साळसूद चेहऱ्याने म्हटलं, “बाबा, मला नवल वाटतं हो. एवढे पुरुष आले-गेले, तुम्ही तर घरचे. कुणाकडे गेली नाही. याच्याकडेच कशी गेली असेल?”

त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला, नेहमीसारखं तोंड वाकडं केलं आणि पेपरचं पान उलटलं.

“नाक मलाही आहे,” ते म्हणाले.