टॅपेटची टकटक

मला आवाजाचा तिटकारा आहे. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना, त्यामुळे जन्मभर खटाखट ऐकतच जेवलो आणि झोपलो. निदान गाडीने तरी गप्प राहावं, एवढीच माझी अपेक्षा होती. आमची जुनी गाडी मात्र बॉनेटखाली सारखी टकटक करायची.

एका रविवारी मी इंजिनचं वरचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा आर्म यांच्यात बारीक फट असते आणि तीच वाजते, एवढं मला ठाऊक होतं. स्क्रू फिरवून ती कमी-जास्त करणं म्हणजे टॅपेट सेट करणं. मी सगळे स्क्रू आवळून टाकले. गाडी एकदम शांत. आई तेवढी म्हणाली, "गाडी आज गप का हाय?"

"सुधारली," मी ऐटीत म्हणालो.

आईसाठीच तर ती गाडी ठेवली होती. गुडघ्यांमुळे तिला रिक्षात चढता येत नाही आणि नव्या गाडीच्या खोल सीटमधून उठता येत नाही. या गाडीचं पुढचं सीट बाकासारखं सरळ आणि उंच. त्यावर बसून ती दर सोमवारी वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर पाय शेकायला जाते. आठवड्यातून तेवढंच तिचं बाहेर पडणं. इंजिनचं मोठं काम निघालं तर गाडी भंगारात द्यायची, हे घरात आधीच ठरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीला जाताना शेलार गावाच्या पुढे गाडी आचके द्यायला लागली आणि चढावर तिने दमच सोडला. कशीबशी वळवली, आईला घरी सोडलं आणि धामणकर नाक्याजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना गाठलं. काका पूर्वी लूमवर होते, त्यांचे कान तिथेच गेले. त्यामुळे माझा पराक्रम मला ओरडून सांगावा लागला आणि अख्ख्या गल्लीने तो ऐकला.

"व्हॉल्व्ह गरम झाला का लांबतो," काका म्हणाले. "फट न्हाय ठेवली तर तो बंद कसा व्हनार? जलला असंल तर इंजिनचा हेड उतरवावा लागंल, म्हंजी मोठं काम. आता इंजिन गार व्हऊ दे. सकाली ये."

घरी आलो तर आईने कुंडावर न्यायचा टॉवेल धुऊन वाळत घातला होता, पुढच्या सोमवारसाठी. मला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

सकाळी काकांनी पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवलं. तीन सिलिंडरना जोर लागला, चौथ्याला हँडल भसकन पुढे गेलं. म्हणजे तिथला व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हता. मग एकेक नट सैल करायचा, गेजची पातळ पट्टी फटीत सरकवायची आणि डोळे मिटून ओढून बघायची, असं काकांचं चाललं होतं. पट्टी जराशी धरली गेली की नट घट्ट. आठही व्हॉल्व्ह झाल्यावर त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं.

एक, दोन, तीन. चौथ्यालाही हँडल अडलं, चांगला जोर लावावा लागला. मला अक्षरशः रडू आलं.

"जलला न्हाय," काका म्हणाले. गाडी सुरू करून त्यांनी झाकणावर तळवा ठेवला. "वाजतंय ना?"

"वाजतंय!" मी ओरडलो. आवाजावर इतका खूश मी आयुष्यात झालो नव्हतो.

सोमवारी शेलार मागे पडलं, तो चढ आला आणि गाडी टकटक करत वर गेली. तोवर आईने टॉवेलची पिशवी छातीशी घट्ट धरली होती. ती तिने हळूच मांडीवर ठेवली.

"आता तिला सुधारू नको," ती म्हणाली.