गच्चीवरचं त्रिकोणासन

माणसाला स्वतःच्याच गच्चीवर, भर उजेडात, अडकून राहता येतं. मी राहिलो आहे.

नोकरीतून मोकळा झालो त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुंडलिकनगरात आमचं घर. माझी बायको सुमन रोज सकाळी कॉलनीतल्या योगवर्गाला जायची. एका संध्याकाळी तिनं मला परिवृत्त त्रिकोणासन करून दाखवलं. एक पाय पुढं, एक मागं, कंबर वळवून उलटा हात पुढच्या पायाच्या बाहेर टेकवायचा आणि दुसरा सरळ आभाळात.

"करायचं तर मी असताना करा," ती म्हणाली. "मागची टाच भिंतीला लावा. हात खाली पोचला नाय तर स्टुलावर टेकवा."

"स्टूल म्हाताऱ्यांना लागतं," मी म्हणालो. (तेव्हा मी अठ्ठावन्नचा होतो आणि पायमोजे खुर्चीत बसून घालायचो.)

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला गेली तसा मी गच्चीवर गेलो आणि दाराला गच्चीच्या बाजूनं कडी घातली. गच्चीभर जुन्या साड्यांवर वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या. मधल्या हातभर मोकळ्या पट्ट्यात पाय फाकवले, श्वास घेतला आणि वळलो. जमलं! डावा हात जमिनीला, उजवा आभाळाला. मग उठायला गेलो, तर कमरेत कट्ट झालं. खाली जाता येईना, वर येता येईना.

शेजारच्या गच्चीवर लतीफभाई कुंड्यांना पाणी घालत होते. चितेगावच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, आमचे जुने शेजारी. माझा वर गेलेला हात बघून त्यांनीही हात केला.

"सलाम पवारसाब. आज लई खुशीत?"

"लतीफभाई, अडकलोय मी."

"कशात?"

"माझ्यातच."

दोन गच्च्यांमधली बुटकी भिंत ओलांडून ते आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि वरचा हात धरला. "मैं खेंचता, तुम्ही सोडा."

"मी काहीच धरलेलं नाय, लतीफभाई."

तरी त्यांनी ओढलंच. त्या ओढाताणीत माझी मागची टाच कुरडयांत गेली आणि वाळल्या पाचोळ्यात बैल शिरावा तसा आवाज झाला. त्याचं मला काहीच वाटलं नाही, कारण तो पाय मला जाणवतच नव्हता. पार बधिर. माझे थोरले भाऊ याच वयात लकव्यानं आडवे झाले होते. अंगाला दरदरून घाम सुटला.

"लतीफभाई, पाय गेला माझा."

त्यांनी ओढणं सोडलं आणि माझा हात घट्ट धरून म्हणाले, "ऐसा नको बोलो. मी हाय ना इथंच."

तेवढ्यात दार वाजलं. त्यांनी पळत जाऊन कडी काढली. सुमननं आधी कुरडयांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता फुटते ही. पण ती जवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "आधी खाली बघा. आता पुढचा गुडघा वाकवा. वरचा हात कमरेवर घ्या. श्वास घ्या, अन् सावकाश वर या."

आलो. कण्हत, पण आलो. कठड्याला टेकून बसलो आणि तिला म्हणालो, "सुमे, डावा पाय गेला."

तिनं मांडीला असा चिमटा काढला की माझी आरोळी दोन गल्ल्या ऐकू गेली.

"कुठं गेलाय? मुंग्या आल्यात नुसत्या," ती म्हणाली. पण पाय चोळायचं काही तिनं थांबवलं नाही.

एवढं सुखाचं दुखणं मला जन्मात झालेलं नाही. मी म्हणालो, "दुसऱ्या पायालाही काढ एक. खात्री होऊ दे." लतीफभाई डोळे पुसत हसत होते.

कंबर सुटल्यावर सुमन मला बरोबर वर्गाला घेऊन गेली. तिथल्या मॅडमनं माझी सगळी हकीकत ऐकली आणि पहिल्याच दिवशी मला पुढं बोलावलं. हा मान अजून माझ्याकडंच आहे. नवीन कुणी आलं की मॅडम म्हणतात, "पवारकाका, जरा तुमच्या पद्धतीनं सुरुवात करून दाखवा," आणि मी अर्धा वळलो की मला थांबवून सगळ्यांना सांगतात, "बघितलं? असं अजिबात करायचं नाही."