आमच्या फाटकावर शहाळी बंद

ये गो बाय, कागदावर का होईना, जवळ बस आणि मावशीची बोलणी खा. धारगळपर्यंत आलीस, हमरस्त्यावरच्या नारळपाण्याच्या गाड्यापाशी उभी राहिलीस आणि तिथूनच माघारी गेलीस? तुझ्या भावाकडून कळलं मला. ‘मावशी शहाळं आत घेत नाही, आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हातांनी कसं जायचं,’ असं म्हणालीस म्हणे. शहाणीच आहेस! पण चूक तुझी एकटीची नाही, आधी माझी. ती कशी झाली ते आज नीट सांगते.

तुझे काका फेरीबोटीवर होते. गोवा राज्य झालं त्या सुमारास नोकरीत कायम झाले. नदीवर उभं राहून विड्या ओढायच्या आणि घरी येऊन सुक्या बांगड्याशी पेज जेवायची. पुढे प्रेशर लागलं. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, तरी ते उतरेना. मग पावलं सुजायला लागली, लघवी कमी झाली.

लघवी कमी झाली की आपल्याकडे दुसरं काय सुचतं? आडसर, म्हणजे कोवळं शहाळं. आमच्या कोरगावात ज्याच्या परड्यात एकच माड आहे तोही आजाऱ्याला बघायला दोन आडसरं घेऊन येतो. त्या महिन्यात आमच्या सोप्यावर रास लागली होती. मीच कोयत्याने तासायची आणि समोर उभी राहून प्यायला लावायची. सकाळी एक, दुपारी एक, तिन्हीसांजेला एक.

‘अगो, हे पोट की विहीर?’ हे म्हणायचे.

‘गपचूप प्या,’ मी म्हणायची.

एका सकाळी ह्यांना खाटेवरून पाय खाली सोडता येईना. हातात कप धरवेना. जीप करून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे तरुण डॉक्टरीण होती, तुझ्याच वयाची. काय खायला-प्यायला देता, तिने विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, ‘रोज तीन शहाळी. आमच्याच गावच्या माडांची.’

तिने ह्यांच्या नाडीवरचा हात काढला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. ‘मावशी, मूत्रपिंडं अधू झाली की शहाळ्यातलं पोटॅशियम लघवीतून बाहेर पडत नाही. रक्तात साठतं. आणखी दोन दिवस पाजलं असतं तर हृदय थांबलं असतं.’

माझ्या नखांत तेव्हा शहाळ्याची साल अडकलेली होती.

पोटॅशियम उतरल्यावर डॉक्टर दुखण्याचं मूळ शोधायला लागले. ह्यांच्या पोटावर नळी लावून तिने कितीतरी वेळ ऐकलं. आत सूं-सूं आवाज होता. पुढच्या तपासण्यांत कळलं, मूत्रपिंडांना रक्त नेणाऱ्या धमन्याच आतून चरबी धरून अरुंद झाल्या होत्या. डावं मूत्रपिंड सुकून एवढंसं झालेलं, त्याची आशा नव्हती. उजव्याला धागाभर रक्त मिळत होतं. आपल्याला रक्त पुरत नाही म्हणून मूत्रपिंडच प्रेशर वाढवायला लावतं, तिने समजावलं.

‘म्हणजे डिझेलची नळी चोंदलीय. इंजिनाला दोष नाही,’ हे म्हणाले.

‘इंजीनही थकलंय, काका. पण एक वाचतं का बघू.’

जांघेतून बारीक नळी घालायची, फुगा फुगवून धमनी रुंद करायची आणि तिथे जाळीची नळी बसवायची. त्यासाठी रक्तात जे औषध सोडतात त्यानेच उरलेलं मूत्रपिंड बसायची भीतीही होती. तसं झालं तर जन्मभर डायलिसिस. मुलांच्या पुस्तकांतून गिरवून शिकलेलं माझं अक्षर संमतीच्या कागदावर सही करताना पार वाकडं झालं. ह्यांना आत नेलं आणि मी बाकावर बसून हातांकडे बघत राहिले. ह्याच हातांनी पाजलं होतं.

मूत्रपिंड वाचलं. पूर्वीसारखं झालं नाही, उरलं होतं तेवढं टिकलं. प्रेशर दोन गोळ्यांवर आलं. विडी सुटली, सुकी मासळी सुटली.

घरी आल्यावर मी फाटकातच पहारा धरला. आडसर घेऊन आलेल्याला तिथूनच परतवून लावायची, आणि तेही ओरडून. इतकी ओरडले की माणसं यायचीच थांबली. रिकाम्या हातांनी यायची लाज वाटते, आणि दुसरं काय आणावं ते कळत नाही. जन्मभर नदीच्या दोन्ही काठांवरच्या माणसांशी बोलत आलेला हा माणूस गो, आता सोप्यावर बसून फाटकाची कडी वाजते का ऐकत असतो.

परवा खालच्या घरातली शेजारीण आली आणि हात पदराखाली घेऊन बाहेरच उभी राहिली. ‘हात रिकामे, आत कशी येऊ?’

सोप्यावरून हे ओरडले, ‘तोंड आणलंयस ना गो? ये तर!’

तासभर बसली. किती दिवसांनी हे पोटभर हसले.

कालच्या तपासणीत मूत्रपिंडाचा रक्तातला आकडा जरा वर सरकलाय. घाबरू नका, पण लक्ष ठेवा, असं डॉक्टरीण म्हणाली. लक्ष मी ठेवतेच आहे, बोलायला मात्र मी एकटी पुरत नाही. म्हणून सांगते, आज-उद्या करू नकोस. ह्या आयतारी, रविवारीच ये. धारगळला उतरलीस की त्या गाड्याकडे बघूसुद्धा नकोस. दोन्ही हात हलवत ये.